उन्हाप्रमाणे वागणारं घर: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मी जळगावला राहतो, इलेक्ट्रिकल फिटिंगचं काम करतो आणि गेल्या काही वर्षांपासून घरांमध्ये सेन्सर, मोटरवर चालणारे पडदे, खिडक्या, कंट्रोलर हे सगळं बसवून देतो. भुसावळ, यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूर असं फिरणं होतं आणि कुठेही गेलो तरी ओट्यावर चहा येईपर्यंत तेच प्रश्न सुरू होतात. आता फोनवर परत परत तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय, लांबलंय थोडं, पण आपल्याला लागू असलेला प्रश्न शोधून वाचा.

हे म्हणजे मोबाईलवरून लाइट चालू-बंद करणं, तेच ना?

नाही हो. मोबाईलवरून पंखा बंद केला तर तुमच्या हातात एक लांबचा रिमोट आला एवढंच, घराला काही कळलं नाही. मी ज्याबद्दल बोलतोय त्यात घर स्वतः बघतं की बाहेर किती तापलंय, ऊन कुठल्या भिंतीवर आहे, वारा सुटलाय का, खोलीत माणूस आहे का, आणि त्याप्रमाणे खिडकी उघडतं, सावली ओढतं, हवा खेळवतं. म्हणजे भिंत, खिडकी, छत हे बांधकामाचे भागच हलतात, बदलतात.

माझी आजी मे महिन्यात सकाळी ९ वाजले की सगळी दारं-खिडक्या लावायला लागायची. "पोऱ्या, खिडकी लाई दे, ऊन मजार ई ऱ्हायनं," म्हणजे ऊन आत येतंय. मग पश्चिमेच्या दारावर गोणपाट भिजवून टांगायचं, दिवेलागणीला अंगणात पाणी मारायचं, रात्री जेवणं झाली की सगळं सताड उघडं. हे ती रोज, न चुकता करायची म्हणून ते घर ४४-४५ डिग्रीतही राहण्यासारखं असायचं. आज त्याच वेळी घरात कोणी नसतं, दोघंही कामावर आणि पोरं क्लासला, मग खिडकी उघडी राहते, दिवसभर लू घरात शिरते आणि संध्याकाळी आल्यावर आपण एसी १८ वर टाकतो. आजीचं ते काम वेळेवर करणारं काहीतरी घरात बसवायचं, माझं सगळं काम या एका वाक्यात येतं.

ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे चालेल का मुळात?

कल्पना जुनी आहे. १९७६ च्या सुमारास सेड्रिक प्राइस नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एका जागेसाठी अशी योजना केली होती की खोल्यांचे ठोकळे क्रेनने हलवता येतील आणि कॉम्प्युटर सुचवेल की आता कशी मांडणी करा. जॉन आणि ज्युलिया फ्रेझर यांनी त्याचा कॉम्प्युटरचा भाग केला. ते प्रत्यक्षात बांधलं गेलं नाही, पण विचार तिथून पुढे गेला. मग १९८७ ला पॅरिसमध्ये अरब संस्कृतीच्या संस्थेची इमारत झाली, ज्याँ नूवेल यांची, तिच्या दक्षिणेच्या काचेच्या भिंतीवर २४० चौकटी आहेत आणि त्यात कॅमेऱ्याच्या भिंगासारखी उघडझाप करणारी भोकं, ऊन जास्त झालं की बारीक होतात. दिसायला फारच सुंदर, पण ती यंत्रणा पुढे अडकायला लागली आणि दुरुस्त करावी लागली. मला या सगळ्यात तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण हलणारा भाग म्हटला की तो कधीतरी अडकणार, आणि आपल्याकडे तर धूळच धूळ.

अबुधाबीला २०१२ ला दोन उंच इमारती पूर्ण झाल्या, त्यांच्या बाहेरून छत्र्यांसारखी सावली आहे, सूर्य जसा फिरतो तशी उघडते-मिटते, आणि ती त्यांनी घेतलीय त्यांच्याच जुन्या लाकडी जाळीच्या खिडक्यांवरून. तिथलं ऊन आपल्यासारखंच भाजणारं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की ऊन काचेवर पडायच्या आधी बाहेरच अडवायचं. आतला पडदा कितीही जाड घेतला तरी उष्णता घरात येऊन बसलेली असते.

जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधतोय, त्यात सगळं स्मार्ट करून टाकू का?

आधी पाडू नका, एवढी विनंती. आमचं गाव अमळनेरकडचं. तिथलं घर अर्धं धाब्याचं आहे, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, फळ्या आणि खाऱ्या मातीचा थर, आणि अर्धं नंतर बांधलेलं स्लॅबचं. मी दोन्हीकडे सेन्सर लावून बघितलंय. मे महिन्यात दुपारी ४ वाजता बाहेर सावलीत ४४ होतं तेव्हा स्लॅबच्या खोलीत ३९ आणि धाब्याखाली ३३-३४. पण मला खरं कळलं ते रात्री. रात्री ११ ला स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावला तर तो चुलीजवळच्या भिंतीसारखा गरम लागत होता, दिवसभर प्यालेलं ऊन तो तेव्हा खाली सोडत होता, आणि त्याच्याखाली पंखा लावून झोपायचं म्हणजे तीच गरम हवा अंगावर घ्यायची.

जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन आत येईपर्यंत रात्र होते आणि तेव्हा खिडक्या उघड्या असल्या की ते निघून जातं. हे काम कुठलाच सेन्सर करू शकत नाही, हे भिंतच करते. सेन्सरने फक्त रात्री खिडकी उघडायची आणि सकाळी लावायची. म्हणून ज्यांचं धाबं शाबूत आहे त्यांना मी सांगतो की लाकूड तपासा, वाळवी बघा, पावसाळ्याआधी वर खारी माती टाका आणि आत वायरिंग नवीन करा, यात खर्च नवीन बांधकामाच्या मानाने किती कमी होतो ते स्वतःच बघा. जागा कमी पडते म्हणून पाडावंच लागत असेल तर माझं काही म्हणणं नाही, कुटुंब वाढतं, ते समजू शकतो.

स्लॅबचं घर आहे आणि आता तेच आहे, मग काय करायचं?

छत आणि पश्चिमेची भिंत, या दोनच जागा धरा. जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहे, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसं लागतच नाही, सगळा मार छतावर, आणि दुपारनंतर तिरपा होऊन पश्चिमेच्या भिंतीवर.

छताला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, त्याला ना वायर लागते ना वायफाय. त्यानंतर शेडनेट. नर्सरीवाले वापरतात तीच हिरवी किंवा पांढरी नेट, गच्चीवर सात-आठ फुटांवर पाइपांवर तारा ताणायच्या आणि त्यावर पडद्यासारखी सरकणारी नेट बसवायची, एका टोकाला गिअरची छोटी मोटर. सकाळी ९ ला नेट पसरते, सूर्य मावळला की गोळा होते आणि मग तापलेला स्लॅब मोकळ्या आभाळाखाली लवकर निवतो. नेट कायम पसरलेली ठेवली तर रात्री तीच उष्णता धरून ठेवते, म्हणून ही सरकवण्याची भानगड. ज्यांना मोटर नको त्यांनी दोरी ओढावी, फरक काही नाही, फक्त रोज आठवण पाहिजे.

नवीन प्लॅन चाललाय. आर्किटेक्टला आणि वायरमनला काय सांगून ठेवू?

स्वयंपाकघर, जिना, बाथरूम, स्टोअर हे पश्चिमेला टाका म्हणजे झोपायच्या खोलीला ती भिंत लागत नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा घ्या, हिवाळ्यात दुपारचा सूर्य तिकडे ४५ अंशांवर उतरतो तेव्हा ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात येत नाही, एकही मोटर न लावता घर ऋतूप्रमाणे वागतं. जिन्याच्या वर जी खोली निघते तिच्यात उंचावर एक जाळीची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन ठेवा, गरम हवा वर चढतेच, तिला बाहेर जायला वाट पाहिजे.

वायरमनला एक गोष्ट ठासून सांगा, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल (म्हणजे परतीची वायर) आणून सोड. आपल्याकडे बोर्डात नुसती फेज येते आणि न्यूट्रल वरच्यावर फिरतो, मग नंतर स्मार्ट स्विच बसवायचा म्हटलं की भिंती फोडाव्या लागतात. बोर्डाचा डबा खोल घे. प्रत्येक खिडकीच्या वर एका बाजूला रिकामा पाइप सोडून ठेव, आज मोटर नाही बसवली तरी चालेल. पाइपला शे-दोनशे रुपये जातात, नंतर प्लास्टर फोडायला हजारो. आणि अर्थिंग खरं करून घ्या, नुसती हिरवी वायर बोर्डापर्यंत आणून सोडलेली मी खूप घरांत बघितलीय.

खिडकी आपोआप उघडते-लागते म्हणजे आत नेमकं काय चालतं?

एक सेन्सर आत, एक बाहेर. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा २ डिग्रीने कमी झालं की उघड, बाहेरचं जास्त व्हायला लागलं की लाव. मधले २ डिग्री मुद्दाम सोडायचे, नाहीतर काटा थोडा इकडे-तिकडे झाला की खिडकी सारखी उघड-झाप करते आणि मोटर आठ दिवसांत जाते. तापमानाला डीएचटी२२ नावाचा पांढरा जाळीचा सेन्सर मी वापरतो, अर्ध्या डिग्रीपर्यंत बरोबर सांगतो. त्याचा निळा भाऊ डीएचटी११ स्वस्त मिळतो पण त्याच्यात २ डिग्रीची चूक निघू शकते, म्हणजे आपण ज्या फरकावर खिडकी चालवतोय तेवढी तर त्याची चूकच. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ ची पाटी, काड्याच्या पेटीएवढी, तिच्यावर वायफाय आहे.

बाहेरचा सेन्सर कुठे लावायचा यात मी स्वतः चुकलोय. आमच्याच घरी मी तो सोयीचं पडलं म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर लावला. भिंत तापलेली, तिच्यावर ऊन, सेन्सर म्हणायचा बाहेर ५२ आहे. सूर्य मावळला, गल्लीत लोक खाटा टाकून बसले, थंड वारा सुटला, तरी आमच्या खिडक्या बंद, कारण भिंत गरम होती आणि सेन्सर भिंतीचं तापमान सांगत होता. आई उठून रोज हाताने उघडायची आणि पाच मिनिटांत मोटर परत लावून टाकायची. तीन-चार दिवस तिने काही म्हटलं नाही आणि मग एका रात्री मोटरची वायरच काढून ठेवली. मला त्याचं वाईट वाटलं, तिचं बरोबर होतं. सेन्सर उत्तरेला नेला, भिंतीपासून वीतभर लांब, वर एक उलटा प्लास्टिकचा डबा भोकं पाडून, आणि हाताने खिडकी हलवली की पुढचे दोन तास मोटरने हात लावायचा नाही असं प्रोग्राममध्ये टाकलं. तो दोन तासांचा नियम आता मी प्रत्येक घरी टाकतो.

रात्री खिडक्या उघड्या म्हणजे चोर, डास, मांजरं?

खिडकीला ग्रिल आणि बाहेरून जाळी असलीच पाहिजे, नसेल तर खिडकीची मोटर बसवायचं काम मी घेत नाही. खालच्या मजल्यावर मी शक्यतो खिडकीऐवजी जिन्यावरचा एक्झॉस्ट फॅनच चालवतो, तो जाळीच्या छोट्या झरोक्यांतून हवा ओढतो, झरोका नऊ इंचांचा असला तरी काम होतं.

कूलर आहे घरात, त्याला काही करता येईल?

येईल, आणि खान्देशात सगळ्यात लवकर फरक इथेच दिसतो. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण पाऊण युनिटच्या आसपास विजेएवढी उष्णता खेचून नेतं, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर इतका छान चालतो. पण मृगाचा पाऊस झाला, हवा दमट झाली की तोच कूलर घर चिकट करतो, आणि लोक सवयीने पंप चालूच ठेवतात. तर हवेतल्या ओलीचा सेन्सर लावून ६० टक्क्यांच्या वर पंप बंद आणि नुसता पंखा चालू. पंप सतत चालवायचीही गरज नसते, पॅड ओला झाला की काही मिनिटं बंद ठेवता येतो.

कूलर खिडकीत बाहेर ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे, बंद खोलीत कूलर लावून "थंडच होत नाही" म्हणणारे रोज भेटतात. आणि बोअरचं पाणी क्षाराचं आहे आपलं, पॅडवर पांढरा थर बसतो, आठवड्याला टाकी रिकामी करून धुवा. हे मशीन करत नाही.

आमच्या शेतात ठिबकचे ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आहेत, ते गच्चीवर पाणी मारायला चालतील का?

चालतात. हा प्रश्न रावेर-यावलकडचे केळीवाले विचारतात आणि मला फार आवडतो, कारण ज्या माणसाने शेतात वेळेवर व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर चालवला, मोबाईल स्टार्टरने रात्री घरबसल्या मोटर चालू केली, त्याला यातलं शिकवायला काहीच लागत नाही. ठिबकचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे ते व्हॉल्व्ह, बहुतेक २४ व्होल्टवर चालतात म्हणून ओल्या गच्चीवर ते सुरक्षितही पडतात.

पण पाण्याचा हिशोब आधी करा. मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारी गावं आहेत आपल्याकडे, तिथे गच्चीवर पाणी मारणं मला पटत नाही, मी सरळ नेट सांगतो. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी सूर्य मावळल्यावर फवारा दोन मिनिटं चालू, मग पंधरा मिनिटं बंद, असं तासभर करावं. धो-धो पाणी वाहून गेलं तर त्याचा उपयोग नाही, पाणी उडून गेलं तरच स्लॅब निवतो. आणि स्लॅबला तडा असेल तर आधी वॉटरप्रूफिंग.

लाइट गेली तर खिडकी अर्धवट अडकून राहील का?

राहू शकते, म्हणून खिडकीच्या मोटरला हाताने सोडवायची कडी असलेलीच घ्यायची, एवढं नक्की. ज्या घरात लाइट नसताना दार-खिडकी हाताने उघडता येत नाही ते घर धोक्याचं आहे, आग लागली तर काय करणार.

कंट्रोलर आणि राउटर छोट्या बॅटरीवर बराच वेळ चालतात, त्यांना काही लागत नाही. इन्व्हर्टरवर खरं ओझं पंख्यांचं. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच बॅटरीवर दुपटीहून जास्त वेळ. मी तर म्हणतो पैसे थोडेच असतील तर सेन्सर राहू द्या, आधी पंखे बदला.

सोलरबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच सांगतो. लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही (बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं) बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. पोलवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीचं हायब्रिड घ्यावं लागतं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये सबसिडी आहे, २०२४ पासून. पण तुमचा वेंडर ऑन-ग्रिड देतोय की हायब्रिड हे आधी विचारा. आणि सोलर असेल तर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन हे दुपारी १२ ते ३ मध्ये आपोआप लागेल असं करून घ्या. पॅनलखालची गच्ची सावलीत राहते हा वेगळा फायदा.

इंटरनेट बंद पडलं तर?

घर चाललंच पाहिजे. म्हणून मी निर्णय घेणारा भाग घरातच ठेवतो. होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०१३ पासून चालू आहे, फुकट आहे, घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे स्वस्त प्लग घेतले तर नेट गेलं की ते मुके होतात, आणि कंपनीने सेवा बंद केली की कायमचे. नवीन घेताना डब्यावर मॅटरचा शिक्का आहे का बघा, २०२२ ला आलेली ही पद्धत आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी बोलू शकतात.

जाड मातीच्या भिंतींतून वायफाय नीट जात नाही हेही लक्षात घ्या. धाब्याच्या घरात मी झिग्बी नावाच्या वेगळ्या वायरलेस पद्धतीचे सेन्सर लावतो, त्यातले लाइटवर चालणारे प्लग एकमेकांना निरोप पुढे ढकलत नेतात. नाहीतर सरळ केबल ओढतो.

खर्च किती येतो?

एका खोलीला दोन सेन्सर, कंट्रोलर, रिले (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर लाइन जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), डबा, वायर हे सगळं मिळून दोन-अडीच हजारांत होतं जर खिडकीऐवजी फॅन आणि कूलर चालवायचा असेल तर. खिडकीची किंवा पडद्याची मोटर आली की एकेका खिडकीला आठ-दहा हजार धरा. गच्चीवरची सरकती नेट ही लोखंडावर अवलंबून. सगळं घर एकदम करून देतो, दोन-तीन लाखांत पॅकेज, असं म्हणणारे येतात, त्यांना विचारा की यात ऊन अडवणारी गोष्ट कुठली, रंग बदलणारे लाइट सोडून.

रिले किती अँपिअरची घेऊ? गीझर, एसी चालेल का तिच्यावर?

त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, आणि २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो, म्हणजे कागदावर बसतं पण रोज रोज अर्धा तास चालवलं की रिले आणि पाटीवरचे सोल्डरचे डाग तापून काळे पडतात. गीझर, एसी, पाण्याची मोटर या तिन्हींना कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा स्विच, लावा, आपल्या छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा. मोटर तर सुरू होताना कितीतरी पट करंट घेते. यात पैसे वाचवू नका, घर जळतं.

वावटळीत, वादळात हे सगळं उडून जाईल की.

अगदी बरोबर भीती आहे. मे-जूनमध्ये ज्या वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात तो वारा गच्चीवरच्या नेटला काय करेल. म्हणून वाऱ्याचा वेग मोजणारी छोटी फिरकी आणि पावसाचा सेन्सर हे नेटबरोबर घेतलेच पाहिजेत. वारा वाढला की बाकी सगळे नियम बाजूला आणि नेट गोळा, मग तेव्हा कितीही ऊन असो. विजा कडकडतात तेव्हा राउटर आणि कंट्रोलर उडतात, त्याला मेन बोर्डात सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) आणि चांगलं अर्थिंग, दुसरा उपाय नाही. आणि धूळ. सरकत्या पट्ट्यांत ग्रीस लावू नका, धूळ चिकटून खडा होतो, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा आणि दर महिन्याला ब्रशने झाडा.

आई-आबांना मोबाईल जमत नाही. ते कसं वापरणार?

त्यांनी काहीच नवीन शिकायला नको. भिंतीवरचं बटण जिथे होतं तिथेच राहतं आणि तसंच चालतं. आबांनी बटण दाबून पंखा बंद केला तर तो बंद, घराने वाद घालायचा नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मायकेल मोझर नावाच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात स्वतःचंच घर असं केलं होतं, पूर्वी ती शाळेची इमारत होती. ७५ च्या आसपास सेन्सर, आणि शिकणारा कॉम्प्युटर. त्या घराला कुठला वेगळा रिमोट नव्हता, साधीच बटणं होती. माणसाने उठून बटण दाबलं म्हणजे घराचा अंदाज चुकला असं कॉम्प्युटर समजायचा आणि पुढच्या वेळी सुधारायचा. मला हे फार पटलं. आईने वायर काढून ठेवली तेव्हा तिने मला हेच सांगितलं होतं. मोझरांनी असंही लिहिलंय की कामावरून निघायला उशीर झाला की घर आपली वाट बघत असेल असं वाटून त्यांना अपराधी वाटायचं, म्हणजे माणूसही घराप्रमाणे वागायला लागतो. तेवढं मात्र होऊ देऊ नका.

कानबाईला घरात पन्नास माणसं असतात. घर "मोठं" करता येतं का?

येतं, आणि याला सेन्सर लागतच नाही, याला सुतार लागतो. हॉल आणि शेजारच्या खोलीत पक्की वीट-भिंत न घेता वरच्या चॅनलवर घडी होणारी लाकडी पार्टिशन घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते, भाऊबंद सगळे येतात, रोट होतात, रात्रभर जागरण, तेव्हा ती घडी करून भिंतीला लावली की दोन खोल्यांचा एक मोठा सोपा. सोमवारी विसर्जन झालं की परत दोन खोल्या. चॅनल वरच घ्या, खाली पट्टी नको, म्हाताऱ्यांचा पाय अडकतो. कंट्रोलरचं काम इतकंच की पार्टिशन उघडल्याचं दारावरच्या चुंबकाच्या सेन्सरने कळलं की दोन्हीकडचे पंखे आणि एक्झॉस्ट एकत्र चालावेत, पन्नास माणसांच्या श्वासाने हवा किती लवकर जड होते ते त्या रात्री बसलेल्यांना माहीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-नाती माहेरी येतात तेव्हाही हेच, फक्त तेव्हा गर्मी जास्त.

स्वयंपाकघरात गॅसचा सेन्सर लावलाय, तो गळती झाली की एक्झॉस्ट चालू करेल असं करून द्या.

हे मी करून देत नाही आणि कोणाकडून करूनही घेऊ नका. गॅस पसरलेला असताना साध्या पंख्याचं किंवा रिलेचं बटण पडलं तरी ठिणगी उडते. सेन्सरने फक्त ओरडायचं, आणि शक्य असेल तर रेग्युलेटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर पाहिजे, लोक धुराच्या अलार्मसारखा छताला लावतात. ठेचा-फोडणीने कधी उगीच ओरडला तर काकू तो बंद करून ठेवतात, असं करू नका, शेगडीपासून थोडा लांब सरकवा.

कॅमेरे लावल्याशिवाय घराला माणूस कसा कळणार?

दारावरचा चुंबक, हालचालीचा पीआयआर सेन्सर, एवढ्यात भागतं. एक अडचण आहे, माणूस गाढ झोपला की पीआयआरला खोली रिकामी वाटते आणि पंखा बंद होतो, म्हणून झोपायच्या खोलीत रात्री १० नंतर तो नियमच बंद ठेवायचा. घराच्या आत कॅमेरा मी लावत नाही. राउटरचा कंपनीचा पासवर्ड मात्र आजच बदला.

सुरुवात कुठून करू?

दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, तीनशे-साडेतीनशेला मिळतात. एक झोपायच्या खोलीत, एक उत्तरेच्या सावलीत. आठ दिवस सकाळी ७, दुपारी ४ आणि रात्री १० ला दोन्हींचे आकडे वहीत लिहा, पोरांना सांगा, ती आवडीने करतात. रात्री १० ला आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त येत असेल तर खिडकी आणि एक्झॉस्टपासून सुरू करू, दुपारी ४ लाच आत ३८-३९ होत असेल तर आधी गच्ची. ती वही घेऊन मग मला फोन करा.